‘पुढे काय करणार?’ : संस्थेत वाढणाऱ्या मुलांपुढचा प्रश्न

ॲमस्टरडॅमच्या काल्फरस्ट्राटवर खरेदीला गेलात, तर दुकानांच्या रांगेत अचानक १५८१ सालचा एक दगडी दरवाजा दिसतो. त्याच्यावर लहान मुलांच्या आकृती कोरलेल्या आहेत. हा शहराच्या अनाथालयाचा, म्हणजे बुर्गरवेसहाउसचा दरवाजा. १५८० पासून १९६० पर्यंत, जवळजवळ चार शतकं, शहरातली आईवडील गमावलेली मुलं इथे वाढली. (नंतर इथे ॲमस्टरडॅम म्युझियम आलं, २०२२ मध्ये नूतनीकरणासाठी ते दुसरीकडे हलवलं.) मुलग्यांच्या अंगणात एका भिंतीत छोटी छोटी लाकडी कपाटं आहेत. मुलगे शहरातल्या कारागिरांकडे हातचं काम शिकायला जात आणि आपली अवजारं, चीजवस्तू या कपाटांत ठेवत.

‘पुढे काय करणार?’ हे त्या मुलांना फारसं कोणी विचारत नसे. उत्तर संस्था देई. याच घरात वाढलेला यान फान स्पेइक शिंपीकाम शिकला, आणि १८२० साली, अठराव्या वर्षी, ते सोडून आरमारात गेला. १८३१ मध्ये अँटवर्पजवळ शत्रूच्या हाती जाण्यापेक्षा स्वतःची नौका त्याने दारूगोळ्यासकट उडवून दिली आणि तो डच लोकांचा वीर ठरला. करिअर बदलाचं उदाहरण म्हणून ते कोणी डोळ्यांपुढे ठेवू नये, पण दिलेली सुई खाली ठेवणारा मुलगा तेव्हाही होता.

आजच्या मुलांना तो प्रश्न विचारला जातो, आणि फार लवकर विचारला जातो. नेदरलँड्समध्ये मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांना हे वेळापत्रक तोंडपाठ असतं. ग्रूप आख्टमध्ये, साधारण बाराव्या वर्षी, शाळेचा सल्ला येतो : व्हीएमबीओ, हावो की व्हीडब्ल्यूओ. व्हीएमबीओच्या मुलाला चौदाच्या सुमारास विषयगट आणि सोळाच्या सुमारास एमबीओचा कोर्स निवडावा लागतो. हावो आणि व्हीडब्ल्यूओवाल्यांचा विषयगट पंधराव्या वर्षाच्या आसपास ठरतो. त्या दिवसांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर काय चालतं हे वेगळं सांगायला नको. कोणी कुठली शिकवणी लावली, सल्ला बदलून घेता येतो का, कुठल्या शाळेचा ओपन डे कधी. शाळेतल्या दहा मिनिटांच्या भेटीला आईबाबा दोघंही कामातून वेळ काढून जातात, आणि परतताना शिक्षक नेमकं काय म्हणाले यावर सायकलवरूनच वाद घालतात.

आता हेच वेळापत्रक संस्थेत राहणाऱ्या मुलाला लावून पाहा. संस्था म्हणजे इथली जेउग्दझोर्गची लेफग्रूप, आठदहा मुलांचं आणि पाळीपाळीने येणाऱ्या कर्मचाऱ्यांचं घर. आपल्याकडचं बालगृह किंवा जुन्या शब्दात अनाथाश्रमही त्यातच धरू. (‘अनाथ’ हा शब्द तसा फसवा आहे. दोन्ही देशांत यांतल्या अनेक मुलांचे आईवडील, किंवा दोघांपैकी एक, हयात असतात. ते मुलाला सांभाळू शकत नसतात किंवा त्यांच्याकडे मूल सुरक्षित नसतं.) दहा मिनिटांच्या भेटीला त्या संध्याकाळी ज्याची ड्यूटी असेल तो जातो. पुढच्या भेटीला दुसरा. मधल्या काळात मुलाची बदली झाली, तर शाळा आणि शिक्षक दोन्ही बदलतात. सल्ला बदलून घेण्यासाठी शाळेशी हुज्जत घालणारं माणूस शोधावं लागतं.

या मुलांना करिअर ठरवणं का जड जातं, यावर संशोधन झालेलं आहे. त्यातलं बरंचसं मला पटतं. पण ज्या मोजपट्टीने ते मोजलं जातं तिच्याबद्दल मला काही म्हणायचं आहे, कारण उपाय कुठला करायचा ते शेवटी मोजपट्टीवरून ठरतं.

मोजपट्टी

करिअर निवडताना माणसं कुठे अडतात याचं एक फार वापरलं जाणारं वर्गीकरण १९९६ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले इतामार गाती आणि त्यांचे सहकारी क्राउस व ओसिपॉव यांनी मांडलं. त्यांनी अडचणींचे तीन मोठे गट केले. पहिला गट निर्णयाला बसण्याआधीचा, तयारीच नसण्याचा : इच्छा नाही, मुळात कुठल्याही निर्णयाला कचरणारा स्वभाव, किंवा करिअरबद्दलच्या चुकीच्या समजुती. दुसरा माहितीच्या अभावाचा : निर्णय कसा घ्यायचा, मी कसा आहे, कामं कुठली असतात, माहिती कुठे मिळते. तिसरा माहिती आहे पण ती जुळत नाही असा : ऐकीव गोष्टी एकमेकींना छेद देतात, मनातच ओढाताण असते, किंवा घरच्यांचं आणि आपलं पटत नाही. तीन गटांत मिळून दहा प्रकार. त्यांवर बेतलेली प्रश्नावली तेव्हा इस्रायल आणि अमेरिकेतल्या तरुणांवर तपासली गेली आणि पुढे अनेक भाषांत गेली. वर्गीकरण चांगलं आहे. ‘मुलाचं काही ठरत नाही’ या मोघम तक्रारीचे वेगवेगळे पदर त्याने सुटे करून दाखवले.

प्रश्नावल्या तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून एक जुनी खोच सांगतो. एकच प्रश्न दोन गटांत दोन वेगळ्या गोष्टी मोजू शकतो. ‘तुमच्याकडे जेवणावरून वाद होतात का?’ असं एखाद्या घरात विचारा आणि एकाच मेन्यूच्या वसतिगृहात विचारा. वसतिगृहातलं ‘नाही’ हे स्वयंपाक्याचं कौतुक नसतं. तिथे वाद घालायला जागाच नसते.

आता त्या प्रश्नावलीतली काही विधानं घेऊ, माझ्या शब्दांत. एकाचा आशय असा : माझ्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या माणसांना मी निवडत असलेला मार्ग पसंत नाही. मराठी घरातला सोळा वर्षांचा मुलगा यावर भरभरून गुण देईल. त्याला चित्रकला हवी असते, बाबांना डेटा सायन्स, आजी व्हिडिओ कॉलवर ‘आधी डिग्री घे’ म्हणते. मोजपट्टी म्हणेल, बाह्य संघर्ष तीव्र. संस्थेतली मुलगी तिथे शून्याच्या जवळ खूण करील. मोजपट्टी म्हणेल, या बाबतीत अडचण नाही. पण तिच्याशी असहमत व्हायलाच कोणी नाही, हीच तिची अडचण आहे. विरोध करणारा बाप निदान कोर्सची फी किती, नोकरी कुठे मिळते, तुला गणित जमेल का, एवढं तरी विचारतो. मुलीला उत्तर शोधावं लागतं, आणि शोधताना तिचं मत पक्कं होतं किंवा बदलतं.

दुसरं विधान ‘चुकीच्या समजुती’ या सदरातलं : करिअरची निवड एकदाच करायची असते आणि ती जन्मभर निभवावी लागते. याच्याशी सहमत असणं हा प्रश्नावलीच्या हिशेबात दोष, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तो खरंच दोष आहे. कॉम्प्युटर सायन्सचं पहिलं वर्ष झेपलं नाही तर मूल घरी येतं, दोन महिने उशिरा उठतं, मग दुसरीकडे प्रवेश घेतं. डच व्यवस्थाही त्याला वाट देते. व्हीएमबीओवरून एमबीओ, तिथून हबीओ, अशी पायरीपायरीने शिडी चढता येते. पण त्या शिडीला वेळ लागतो, आणि त्या वेळात कुणाच्या तरी घरी झोपावं लागतं. संस्थेतल्या ज्या मुलाचा हात अठराव्या वर्षी सुटणार आहे, त्याच्यासाठी ‘निवड एकदाच होते’ हे आपल्या परिस्थितीचं बऱ्यापैकी अचूक वर्णन आहे. त्याची समजूत समुपदेशनाने दुरुस्त केली, तरी परिस्थिती तीच राहते.

तिसरं विधान आणखी बोलकं आहे : मी निवडलेल्या कामामुळे माझे वैयक्तिक प्रश्नही सुटतील अशी माझी अपेक्षा आहे. हाही समजुतीचा दोष. पण नोकरी लागली तरच छप्पर, असा हिशेब ज्याच्यापुढे आहे त्याने दुसरी कुठली अपेक्षा ठेवावी?

अशी तीन-चार विधानं एकत्र केली की ‘समजुती सदोष, तयारी कमी’ असा अहवाल निघतो आणि मुलांसाठी प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं जातं.

स्वतःची ओळख कुठून येते

माहितीच्या गटातला एक प्रकार मात्र मला खरा आणि खोल वाटतो : ‘मी कसा आहे’ याची माहिती नसणं. लायडन विद्यापीठात एव्हेलीन क्रोन यांच्या गटाने, लाउरा फान डर आर यांच्या पुढाकाराने, शिक्षण निवडताना अडलेल्या आणि त्यासाठी मधलं वर्ष घेतलेल्या डच तरुणांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निवड जमलेल्या समवयस्कांशी तुलना केली, तेव्हा अडलेल्यांचा आत्मसन्मान कमी होता आणि स्वतःविषयीची कल्पना धूसर होती. मेंदूच्या स्कॅनरमध्ये स्वतःच्या गुणदोषांचा विचार करताना कपाळामागच्या मधल्या भागातली हालचालही कमी दिसली. ही मुलं संस्थेतली नव्हती. पण एक दुवा लक्षात येतो. बाहेरच्या कोर्सांची यादी लांबवून उपयोग नाही. तिच्याशी ताडून पाहायचं आतलं चित्रच पुसट असेल तर मूल अडणारच.

ते चित्र तयार कसं होतं? आपण कोण आहोत हे बरंचसं आपल्याला सांगितलं जातं. ‘चार वर्षांची असताना घड्याळ उघडून बसली होतीस’, ‘मामाच्या लग्नात भाषण ठोकलं होतंस’, ‘गणिताला घाबरायचास, मग कुलकर्णी सरांकडे गेलास आणि गाडी रुळावर आली’. हे किस्से ऐकून ऐकून कंटाळा येतो, पण त्यांतूनच मुलाला कळतं की मला उघडून बघायची खोड आहे, मला लोकांसमोर बोलायला आवडतं, मी घाबरतो पण शिकतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या रॉबिन फायवुश यांनी पालक आणि मुलं जुन्या गोष्टी एकत्र कशा आठवतात यावर कित्येक वर्षं काम केलं आहे. गोष्टी सविस्तर, रंगवून आठवल्या जातात तिथे मुलांच्या आत्मकथनालाही आकार येतो. संस्थेतल्या मुलाचे किस्से सांगणारी माणसं दर एक-दोन वर्षांनी बदलतात. मागे उरते ती फाइल, आणि फाइलमध्ये घटना असतात : पळून गेला, मारामारी केली, औषध बदललं. घड्याळ उघडल्याची नोंद कोणी करत नाही.

डच पालकसंगोपनात ‘लेव्हन्सबूक’, म्हणजे जीवनपुस्तक, करण्याची पद्धत आहे. फोटो, शाळांची नावं, कोणाकोणाकडे राहिलो, कोण काय म्हणायचं, हे मुलाबरोबर बसून एका वहीत लावतात. भावनिक उपक्रम म्हणूनच त्याकडे पाहिलं जातं. माझ्या मते करिअर मार्गदर्शनाचं याहून स्वस्त साधन सापडणार नाही.

इथे मेंदूचा मुद्दा हमखास निघतो. रुमेनियातल्या बुखारेस्टमध्ये २००० नंतर सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतली १३६ बाळं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांतली निम्मी प्रशिक्षित पालक कुटुंबांत दिली. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी जास्त सावरली. लक्ष टिकवणं, आवर घालणं यांतल्या त्रुटी मात्र बऱ्याच मुलांत राहिल्या. महत्त्वाचा अभ्यास आहे. पण ती जन्मापासून जवळजवळ स्पर्शाविना ठेवलेली बाळं होती. तेराव्या वर्षी घर मोडल्यामुळे संस्थेत आलेल्या मुलीच्या ‘ठरत नाही’चं कारण म्हणून तो अभ्यास पुढे करणं हा आळशीपणा आहे.

बाहेरच्या कामांच्या माहितीबद्दल थोडक्यात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नोकरीची बातमी अनेकदा जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते. मराठीत याला ‘मामाच्या मित्राचा भाऊ’ म्हणतात. ज्याला मामाच नाही त्याला मित्र आणि भाऊ कुठून येणार? त्याने जवळून पाहिलेले व्यवसाय चारपाचच असतात : संस्थेतल्या ताई-दादा, शिक्षक, पोलीस, नर्स, बालकल्याण समितीवरच्या मॅडम. त्यांतलंच काहीतरी व्हावंसं वाटणं साहजिक आहे.

अठरा

सगळ्यात मोठा भाग वेळेचा. इंग्लंडमधले माइक स्टाइन यांनी संस्था सोडणाऱ्या मुलांबद्दल म्हटलं आहे की त्यांचं मोठं होणं लवकर सुरू होतं आणि दाबून छोटं केलं जातं. इतर मुलं शिक्षण, नोकरी, घर, नातं या पायऱ्या दहा वर्षांत रमतगमत चढतात. यांना त्या एका वाढदिवसाच्या आसपास एकदम चढाव्या लागतात.

नेदरलँड्समध्ये या बाबतीत एक विचित्र विसंगती आहे. १ जुलै २०१८ पासून पालक कुटुंबात राहणाऱ्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत तिथे राहता येतं, हा नियम झाला. संस्थेच्या लेफग्रूपमध्ये राहणाऱ्या मुलाला मात्र मुळात अठरापर्यंतच. त्यापुढे तेविसापर्यंत मदत वाढवून मिळू शकते, पण ती वाढवायची की नाही हे कागदपत्रं पाहून नगरपालिका ठरवते. म्हणजे ज्याच्यामागे कुटुंब आहे त्याला लांब दोर, आणि ज्याच्यामागे नाही त्याला आखूड. त्यात अठरा पूर्ण झाले की आरोग्यविम्याचा हप्ता स्वतःच्या नावावर सुरू होतो. किमान वेतन मात्र गेली काही वर्षं अठरा वर्षांच्याला प्रौढाच्या निम्मं आणि एकविसाव्या वर्षी पूर्ण, असं आहे. सरकारी निर्वाहभत्ताही या वयात खूप कमी, कारण एकविसापर्यंत आईवडील मुलाला पोसतील असं कायदा धरून चालतो. कायद्याच्या डोक्यात प्रत्येक मुलामागे एक स्वयंपाकघर आहे.

मग मूल काय निवडतं? जिथे लगेच पगार मिळतो ते. एमबीओमध्ये चार दिवस काम आणि एक दिवस शाळा असा बीबीएल नावाचा मार्ग आहे. तो उत्तम मार्ग आहे. पण आवडीने तिथे जाणं वेगळं आणि घरभाड्यासाठी जाणं वेगळं. आपल्याकडे याचंच रूप म्हणजे वसतिगृह आणि विद्यावेतन जिथे आहे तो कोर्स. मुलीने नर्सिंग घेतलं म्हणून आपण कौतुक करतो. तिने नर्सिंग निवडलं की खाट निवडली, हे कोणी विचारत नाही.

मुदत वाढवून खरंच फरक पडतो का? अमेरिकेत मार्क कोर्टनी यांच्या गटाने आयोवा, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या तीन शेजारी राज्यांतल्या, सरकारी देखरेखीखाली वाढलेल्या ७३२ मुलांना सतराव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत पुन्हापुन्हा भेटून माहिती घेतली. सव्विसाव्या वर्षी त्यांतल्या सुमारे ८ टक्क्यांकडे कॉलेजची पदवी होती, त्याच वयाच्या इतर तरुणांत ४६ टक्क्यांकडे. हा आकडा नेहमी सांगितला जातो. मला त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. इलिनॉयमध्ये एकविसापर्यंत राहता येत होतं, बाकी दोन राज्यांत साधारण अठरापर्यंतच. त्यामुळे कोणी मुद्दाम न आखता एक प्रयोगच उभा राहिला. इलिनॉयच्या मुलांनी कॉलेजात पाऊल ठेवण्याचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. वेळ मिळाली, तेव्हा त्यांनी शिक्षणाला जास्त वेळ दिला. २००८ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने राज्यांना मुदत एकविसापर्यंत वाढवण्याची आणि त्यासाठी पैसे घेण्याची सोय केली, त्यामागच्या चर्चेत हा पुरावा होता.

पुढचे दीर्घकालीन परिणाम एवढे स्वच्छ नाहीत. कॉलेजात शिरणं आणि पदवी घेऊन बाहेर पडणं यांत पुन्हा अंतर राहिलं. मुदत वाढली तरी फीचं, एकटेपणाचं, डोकं टेकायच्या खांद्याचं काय, हे प्रश्न उरतातच.

आणि अठरा वर्षं म्हणजे तरी नक्की कधी? महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेला एखादा काका प्रत्येकाच्या घरात असतो, आणि त्यावर आपण हसतो. रस्त्यावर किंवा स्टेशनवर सापडलेल्या मुलाची तारीख अशीच ठरवली जाते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार आधी शाळेचे आणि जन्माचे कागद पाहायचे, ते नसतील तर हाडांची तपासणी. मनगट, कोपर, गळ्याजवळचं हाड यांची वाढीची टोकं जुळली का, हे एक्स-रेवर पाहतात. पण मुलं एकाच गतीने वाढत नाहीत. पोषण, आजार, वंश यांनी फरक पडतो, आणि दोन वर्षांची चूक इकडे किंवा तिकडे होऊ शकते हे न्यायालयंही धरून चालतात. दोन वर्षं म्हणजे अकरावी-बारावी. ज्या तारखेला मुलाचं छप्पर जातं, ती एवढी सैल असते.

महाराष्ट्रात

कायद्यात आपल्याकडेही अठरानंतरची सोय आहे. बालगृहातून बाहेर पडलेल्याला एकविसापर्यंत, आणि विशेष परिस्थितीत तेविसापर्यंत, अनुरक्षण सेवा मिळू शकते. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. पुण्यात ४००० रुपयांत कॉट बेसिसवर खोली आणि मेस दोन्ही बसत नाहीत, हे तिथे शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. २०१९ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत बालगृह सोडलेल्या तरुणांचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात अनेकांपर्यंत ही सोय पोचलीच नसल्याचं दिसलं.

निर्णयाची अडचण किती बाहेरची असू शकते, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे अमृता करवंदे. गोव्यातल्या अनाथालयात वाढलेल्या, अठराव्या वर्षानंतर पुण्यात येऊन शिकलेल्या अमृता महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसल्या. करिअर ठरलेलं होतं, अभ्यास झालेला होता, परीक्षाही दिली होती. अडलं ते प्रमाणपत्रावर. आईवडील माहीत नाहीत, तर जात कुठली? उत्पन्नाचा दाखला कोणाच्या नावाचा? सवलतीच्या एकाही रकान्यात त्या बसल्या नाहीत आणि खुल्या गटाच्या रेषेखाली राहिल्या. मग त्यांनी इतर अनाथ तरुणांना सोबत घेऊन थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत पाठपुरावा केला, आणि २ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आलं. नियमांत पुढे बदल होत गेले. गातींच्या दहा प्रकारांत अमृता यांची अडचण कुठल्या रकान्यात टाकायची? इच्छा होती, माहिती होती, गोंधळ नव्हता.

(आरक्षणाचा एक उपपरिणाम असाही होणार की जो दरवाजा उघडला त्याच्यासमोर रांग लागेल. संस्थेतल्या प्रत्येक हुशार मुलाने स्पर्धापरीक्षाच द्यावी असं वातावरण तयार झालं, तर ते पुन्हा काल्फरस्ट्राटचंच अनाथालय : उत्तर संस्था देणार.)

माणूस आणि पैसे

काय उपयोगी पडतं, यावर नेदरलँड्समधल्या दोन गोष्टी मला सांगण्यासारख्या वाटतात.

पहिली ‘यिम’. लेव्ही फान डाम आणि सहकाऱ्यांनी रुजवलेल्या या पद्धतीत मूल स्वतःच्या ओळखीतलं एक मोठं माणूस निवडतं : शेजारीण, फुटबॉलचा प्रशिक्षक, मित्राचा बाप. ते माणूस पगारी नसतं, पण मुलाविषयीच्या बैठकीत व्यावसायिकांच्या बरोबरीने बसतं. मुळात मुलाला घराबाहेर काढावं लागू नये यासाठी ही रचना आहे. ‘या मुलांना कोणी नसतंच’ असं धरून चालणाऱ्यांना आश्चर्य वाटेल, पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८३ टक्के मुलांना असं माणूस नेमता आलं. संस्थेने नेमून दिलेल्या मार्गदर्शकात आणि यात फरक हा की हे माणूस मुलाला आधीपासून ओळखतं. किस्से त्याच्याकडे असतात. ते असहमतही होऊ शकतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटतं.

दुसरी आइंडहोवनमधली. २०२१ मध्ये तिथे ‘बाउडेपो’ नावाचा प्रयोग सुरू झाला. राहायला पक्कं घर नसलेल्या तीस तरुणांना वर्षभर दरमहा १०५० युरो, कुठलीही अट न घालता. ‘उधळतील’ अशी भीती साहजिकच होती. बहुतेकांनी घर, कर्ज आणि शिक्षण यांकडेच लक्ष दिलं, आणि इतर शहरांनीही हा प्रयोग उचलला. संख्या लहान आहे, त्यावर मोठे निष्कर्ष मी काढणार नाही. पण त्या पैशांनी मुलांनी वेळ विकत घेतला, एवढं त्यातून दिसतं.

आता आपल्याबद्दल. परदेशातली मराठी माणसं गावाकडच्या संस्थांना मनापासून देतात. मुलाच्या वाढदिवसाला आश्रमात जेवण, गणपतीत मंडळाची देणगी, दिवाळीला कपडे. गेल्या काही वर्षांत त्यात ऑनलाइन करिअर मार्गदर्शनाची भर पडली आहे : रविवारी सकाळी नेदरलँड्सहून एक इंजिनिअर आणि एक डॉक्टर, तिकडे हॉलमध्ये प्रोजेक्टरसमोर साठ मुलं. हेतू चांगला आहे. पण त्यातून दहा प्रकारांतला एकच भागतो, कामं कुठली असतात याची माहिती, आणि तीही दीड तासात. त्याच वेळात एका माणसाने एकाच मुलीला पाच वर्षं, महिन्यातून दोनदा फोन केला तर बाकीच्या प्रकारांना हात घातला जाईल. अशी बांधिलकी जमणार नसेल तर सुरूच करू नये. वर्षाने गायब होणारी माणसं त्या मुलांनी पुरेशी पाहिली आहेत. आणि फोन संस्थेच्या संमतीने, तिच्या बालसंरक्षणाच्या नियमांतच व्हायला हवेत.

जेवण आणि कपडे यांना देणगीदार मिळतात, कारण लहान मुलाचा फोटो निघतो. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खोलीभाड्याचा फोटो निघत नाही. देणगी देताना संस्थेला दोन प्रश्न विचारून पाहा : गेल्या पाच वर्षांत अठरा पूर्ण करून गेलेली किती मुलं अजून तुमच्या संपर्कात आहेत? आणि कोर्स सोडून परत आलेल्या मुलाला तुम्ही दुसऱ्यांदा फी देता का? दुसऱ्या प्रश्नावर अनेक संस्था म्हणतील की देणगीदारांना ते आवडत नाही. तेव्हा सांगता येईल की आम्हाला चालेल.

पैसे पाठवण्याची व्यवहारातली बाजूही पाहून ठेवा. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. डच पासपोर्ट घेतला असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती परकीयच. मग संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या तिच्या ठराविक खात्यातच जायला हवी. छोट्या, चांगलं काम करणाऱ्या बऱ्याच संस्थांकडे ही नोंदणी नसते. अशा वेळी घरातल्या भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून स्वतःची देणगी द्यावी. दुसऱ्याची रक्कम आपल्या नावावर फिरवू नये.

ज्यांना इथेच, आपल्या शहरात काही करायचं आहे त्यांच्यासाठी वीकएंडचं पालकसंगोपन आहे. महिन्यातून एक-दोन शनिवार-रविवार मूल तुमच्याकडे राहतं. वय किमान २१ हवं, बालसंरक्षण मंडळ तुमची पडताळणी करतं, आणि आधी काही महिन्यांची ओळख आणि प्रशिक्षण असतं. डच भाषा बऱ्यापैकी यायला हवी. स्वयंपाक कुठलाही चालतो.